शंभर टक्के हजेरी

मुलचेरा तालुका, जि. गडचिरोली
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय नूरुद्दीन,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. दिवाळीनंतर तू स्वतःच्या हातानं करून पाठवलेला फळा, तीन पायांचा, घडीचा, अस्सल सागवानी, भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून आष्टी आणि तिथून पुढे एसटीच्या टपावर वारा खात आलेला, त्याचा पुढचा डावा पाय एक बोट आखूड आहे. ही गोष्ट मी तीन महिने पोटात ठेवली. परंतु बत्तीस वर्षं रंधा मारणाऱ्या आणि बोर्डात संस्कृतला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या माणसाच्या हातून हा प्रमाद व्हावा, याचा खेद आता आवरत नाही. खडू ठेवला की डावीकडे घरंगळतो. आमच्या साक्षीनं लिहिलेली ओळ फळ्याच्या हिशेबानं सरळ असते, पण बाकीच्या जगाला ती डोंगर चढताना दिसते. शेवटी त्या पायाखाली मी आपलं दहावीचं संस्कृत व्याकरणाचं पुस्तक सरकवलं. या विद्येनं आजवर कुणाला प्रत्यक्ष टेकू दिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. तुझ्या वहिनीचं मत मात्र वेगळं. ती म्हणते, "नूरभाऊनं पाय बराबरच केला असन, आपली ओसरीच वाकडी हाय. आत नेऊन ठेवून तं पाहा." मी तिला सांगितलं की सुतारकाम हा तुझा विषय नव्हे. फळा मी तेव्हा आत नेऊन पाहिला नाही, कारण ती बरोबर निघण्याची शक्यता होती.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा. इथे फोन लागतो तो पाण्याच्या टाकीच्या सहाव्या पायरीवर. तिथे कायम कोणी ना कोणी आपल्या सासरशी भांडत उभं असतं आणि पाचव्या पायरीवर पुढचा नंबर लावून दुसरा बसलेला असतो. खासगी काही बोलावं अशी ती जागा नाही. आणि मला थोडं खासगी बोलायचं आहे. पण ते सावकाश येईल. तुला माझी सवय माहीत आहे, मी दारातून येण्याआधी घराला एक प्रदक्षिणा घालतो.

तू आमचं बिऱ्हाड पाहिलेलं नाहीस. आरोग्य उपकेंद्राच्या मागे दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, पुढे ओसरी, ओसरीपुढे मोहाचं एक झाड, त्यापलीकडे धानाच्या बांध्या आणि मग जंगल. वहिनी सिस्टर आहे, म्हणून गावात माझी ओळख 'सिस्टरचे मिस्टर'. तेवीस वर्षं मास्तरकी केली हे कळल्यावर काहीजण 'गुर्जी' म्हणू लागले, पण ते मान म्हणून. हुद्दा अजून 'मिस्टर' हाच. माझी हकिगत तुला ठाऊकच आहे. शाळेत संस्कृत घेणारी मुलं संपली आणि मी सरकारी भाषेत 'अतिरिक्त' ठरलो. दोनदा कागदावर दुसऱ्या शाळांत पाठवला गेलो. त्यांतल्या एका शाळेत संस्कृत शिकायला मुलं नव्हती आणि दुसऱ्या शाळेत मुलंच नव्हती. तेव्हा मी स्वेच्छेनं निवृत्त झालो. याच सुमारास वहिनीची बदली इकडे झाली आणि मी साक्षीला म्हणालो, चल, आता तुझी शाळा मीच.

खरं कारण तुला सांगायला हरकत नाही. इथल्या शाळेत पाच वर्ग आणि दोन मास्तर. त्यांतला एक कायम कुठल्यातरी सभेला गेलेला असतो. मला वाटलं, मी एवढा शिकलेला माणूस घरी रिकामा बसणार आणि माझी मुलगी तिथे बसून पाढे घोकणार? तिसरी-चौथीचं शिकवायला मला काय जड आहे? हे अंगात होतं, नूरुद्दीन. त्याला मी 'मुलीचं हित' असं नाव दिलं होतं.

पहिल्याच दिवशी मी एक तक्ता केला. 'अध्ययनक्रमः' असा मथळा, विसर्गासकट. मुलीनं काय काय शिकावं आणि कशाआधी काय, याचे नऊ मुद्दे. गणित तिसरं, मराठी चौथी, इंग्रजी पाचवी. संस्कृत सातव्या क्रमांकावर ठेवून मी स्वतःच्या निःपक्षपातीपणावर खूश झालो. पण पहिले दोन क्रमांक ठरवायला मला चार दिवस लागले होते. पहिला होता, 'प्रश्न विचारता येणे'. दुसरा, 'खरे बोलणे'. आणि खाली मास्तरासाठी एक नियम, तो माझ्या वर्गात माझ्यावरच बंधनकारक: 'मोठी झालीस की कळेल, हे उत्तर चालणार नाही.' तक्ता ओसरीच्या भिंतीला डकवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वहिनीनं लसीकरणाच्या रजिस्टरच्या लाल पेनानं खाली दहावा मुद्दा लिहिला होता: 'एक तरी मैत्रीण'. मी म्हणालो, हा विषय नव्हे. ती म्हणाली, "मंग काय होय?" आणि पिशवी उचलून पोलिओच्या डोसाला निघून गेली.

शाळा मात्र छान चालली. इतकी छान, की मी दिवाळीत भद्रावतीला तुझ्यासमोर दोन दिवस फुशारकी मारली आणि तूही ती गोडीनं ऐकलीस. प्रश्न म्हणशील तर दिवसाला चाळीस. मोहाची फुलं पहाटेच का गळतात? बंगाली मावशी मासे तोलताना शंभरपर्यंत मोजते तेव्हा तिचे बारा आपल्या बारासारखेच का ऐकू येतात? शून्याला कुणी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बाकीचे त्याला हसले का? शेवटी जेवणाआधी दहाच, असं रेशन लावावं लागलं. तिनं ते मान्य केलं आणि अकरावा प्रश्न असा विचारला की हे दहा कुणी ठरवले. आणि आमच्या शाळेला हजेरीपटही आहे, बरं का. चौकोनी वहीत साक्षी स्वतः हजेरी लावते. मी कधी तपासली नाही. पण ती लिहिताना मोठ्यानं वाचायची, म्हणून ठाऊक, त्यात 'आज पोट दुखत होतं, अर्धी हजेरी', 'आज बसले होते पण लक्ष नव्हतं, पाव', 'आज बाबा झोपले, मी हजर, शाळा गैरहजर' असल्या नोंदी आहेत. डिसेंबरची बेरीज तिनंच केली, तर सत्तर टक्के आली. मला त्या सत्तर टक्क्यांचा केवढा अभिमान वाटला होता.

हजेरीवरून आपला वर्ग आठवला. भद्रावतीच्या त्या शाळेत संस्कृत घेणारे आपण अकराजण, आणि मास्तरांचा दंडक की नाव पुकारलं की 'उपस्थितोऽस्मि' म्हणायचं. शुक्रवारी तू नमाजाला गेलास की तुझं 'उपस्थितोऽस्मि' मी नाकातून म्हणायचो. मी तलावावर गेलो की माझं तू घशातून. मास्तरांना कमी ऐकू येतं अशी आपली समजूत होती. तुझ्या घरी शकिलाखाला तुला आणि माझी आई मला एकच विचारायच्या, आज मास्तरांनी नाव पुकारलं का? माझ्या आईला, बायनाबाईला, संस्कृत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की ही विद्या आपल्या लोकांना कुणी देत नव्हतं, तेव्हा ती घ्यायचीच. माझं नाव घालायला ती मला हाताला धरून शाळेत घेऊन गेली. मास्तरांनी नाव लिहून घेतल्यावर तिनं त्यांना ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं. वाचता येत नव्हतं म्हणून ऐकून खात्री केली. हे मी का सांगतो ते पुढे येईल.

आता प्रदक्षिणा संपली, दाराशी येतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो त्या महिन्यात शाळेचे हेडमास्तर सोमाजीगुरुजी चहाला आले. पंचावन्नचे असतील, भला माणूस. टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या, दोन लहान पोरांना रोज स्वतःच्या सायकलवर, एकाला पुढे, एकाला मागे बसवून आणतात. चहा बशीत ओतून म्हणाले, "गुर्जी, पोरगी तुमी घरीच शिकवा. तुमच्याएवढं शिकवनारा इथी कोन हाय? फक्त तिचं नाव तेवढं आमच्या पटावर लागू द्या. एकोनीस पोरं हायत माह्याजवळ. वीस भरले नाई तं शाळेवर गंडांतर येते. मंग हे लेकरं चार किलोमीटर जातीन कुठी?" नुसतं नाव. माझा मोठेपणा त्यांनी पहिल्याच वाक्यात कबूल केला होता, तेव्हा पुढचं मी नीट ऐकलंच नसावं. मी सही केली. मला वाटलं, शाळा वाचली, पोरीचं दप्तरी कामही झालं, नुकसान कुणाचंच नाही. वहिनी आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "माह्या रजिस्टरात एक लेकरू जास्तीचं लिहिलं तं कुठीतरी एक लेकरू बिनालसीचं राहून जाते." मी म्हणालो, लस वेगळी, शाळा वेगळी. साक्षीला आम्ही काहीच सांगितलं नाही. तिला माहीत होतं ते एवढंच, की आपण शाळेत जात नाही, आपली शाळा घरी आहे.

तर अशी दोन वर्षं एक साक्षी ओसरीवर बसत होती आणि दुसरी शाळेत. शाळेतली साक्षी अत्यंत गुणी. ती कधी आजारी पडली नाही, पावसात नाल्याला पूर आला तरी आली, रोज खिचडी खाल्ली, रांग मोडली नाही आणि कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही. मी ओसरीवरच्या साक्षीला द्विवचन शिकवताना दोन डोळे, दोन हात, दोन बैल अशी उदाहरणं दिली. हे एक राहून गेलं होतं.

सव्वीस जानेवारीला सोमाजीगुरुजींनी आम्हाला झेंड्याला बोलावलं. दरवर्षी बोलावतात. साक्षी पांढरा फ्रॉक घालून आली आणि मंगलीशेजारी उभी राहिली. मंगली टोलीवरच्या रंभाबाईची मुलगी, साक्षीच्याच वयाची. हातपंपावर दोघींची गाठ पडते, तेवढीच ओळख. दोन किलोमीटर चालून शाळेत येते. यंदा शिक्षण खात्याच्या केंद्रावरून नवी टूम निघाली होती. प्रत्येक शाळेतला सर्वाधिक हजेरीचा विद्यार्थी महिन्याच्या अहवालांवरून वरच काढायचा आणि केंद्रप्रमुखांनी स्वतः येऊन बक्षीस द्यायचं. सोमाजीगुरुजींना याचा पत्ता नव्हता. केंद्रप्रमुख नवे, उत्साही, हसतमुख. त्यांनी कागद उलगडला आणि वाचलं, "शंभर टक्के हजेरी, कुमारी साक्षी." टाळ्या सुरू व्हायच्या आतच मंगली म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं, जे दिसलं ते म्हणाली, "सायेब, थे तं शाळेत येतच नाई!" पोरं खिदळली. सोमाजीगुरुजी ओरडले, "मंगले, बस खाली!" मी त्या माणसाला दोन वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मंगली बसली. केंद्रप्रमुखांना वाटलं, पोरींचं आपसांतलं काही असेल. ते बक्षीस हातात धरून उभे. सोमाजीगुरुजी माझ्याकडे पाहत होते, वहिनी माझ्याकडे पाहत होती. मी झेंड्याकडे पाहत होतो. साक्षी वळली आणि तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिला नुसतं विचारायचं होतं, की मी काय करू.

मी म्हणालो, "जा."

तेवीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो, किती बोललो असेन. त्यातलं काही कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही. पण हा एक शब्द तिला जन्मभर आठवेल. ती गेली, बक्षीस घेतलं, वाकून नमस्कार केला. बक्षीस काय होतं सांगू? दप्तर. निळं, दोन कप्प्यांचं, बाजूला बाटलीची जागा असलेलं शाळेचं दप्तर.

घरी येताना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आम्ही दोघंच चाललो होतो. वहिनी मागे थांबली होती. बरंच अंतर चालल्यावर साक्षीनं विचारलं, "बाबा, शाळेत माझ्या नावाची कोण बसते?" मला खरं सांगता आलं असतं. चार वाक्यं लागली असती. मी म्हणालो, "ते कागदावरचं असतं बाळ. मोठी झालीस की कळेल." बोलून झाल्यावर मला तक्त्याखालचा नियम आठवला. तिला तो बोलतानाच आठवला असावा, कारण ती एकदम थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर घरात नव्हतं. मी विचारायच्या आतच रंभाबाई ते घेऊन ओसरीपुढे उभी. पायरीसुद्धा चढली नाही. "बाई, हे बॅग तुमच्या पोरीची होय. आमच्या मंगलीनं चोरली नाई जी. थे म्हन्ते सिस्टरच्या पोरीनं देल्ली. मी तिले मारलं बी. तुमी पाहून घ्या, आतमंदी काई कमी नाई." वहिनीनं तिला हात धरून वर घेतलं, चहा दिला, समजावलं, दप्तर परत न्यायला सांगितलं. रंभाबाईनं चहा घेतला, दप्तर घेतलं नाही. म्हणाली, "साऱ्या गावानं पाह्यलं ते तुमच्या पोरीले देताना. माही पोरगी ते घेऊन फिरन तं लोक काय म्हन्तीन?" साक्षी आतल्या दाराशी उभी होती. मंगलीला मार बसला हे तिनं ऐकलं. तेव्हापासून दप्तर खुंटीला आहे. दोन मुली, एक दप्तर, आणि दोघींनाही ते वापरता येत नाही. हे गणित मी फळ्यावर मांडू शकत नाही, तुझ्या फळ्याचे चारी कोपरे सरळ असते तरी.

आज पंधरा दिवस झाले. साक्षी रोज वेळेवर ओसरीवर बसते, सांगितलेलं सगळं करते. अपूर्णांक झाले, नकाशा झाला, अक्षर सुधारलं आहे. कुणी पाहिलं तर म्हणेल, काय शहाणी मुलगी. परवा तिची चौकोनी वही उघडी पडली होती म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा मी पाहिली. त्यात 'अर्धी' नाही, 'पाव' नाही, पोट दुखणं नाही. फेब्रुवारीच्या अठ्ठावीसही चौकोनांत तिनं सुवाच्य अक्षरात 'हजर' लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी सात तारीख होती.

मी वही मिटली आणि तसाच सोमाजीगुरुजींकडे गेलो. म्हणालो, नाव काढा. त्यांनी चष्मा पुसला. "काटा म्हन्ता, तं काटतो गुर्जी. मंग मंगलीले रोज चार किलोमीटर तुमी पोचवून देसान? मले समजते मी काय केलं थे. मले काय झोप येऊन राह्यली का? पन कागद वरी गेला, आता मी काय करू, सांगा." घरी येऊन वहिनीला म्हणालो, नाव ठेवलं तर खोटं, काढलं तर शाळा जाते, यातून वाटच नाही. ती लसींचा डबा पुसत होती. म्हणाली, "वाट काऊन नाई? नाव काटू नोका. पोरीलेच पाठवा. मंग नाव खरं होऊन जाते." डबा बंद करत पुन्हा म्हणाली, "तुमी तिले सगळं शिकवलं हो. पन दोन वर्षांत सोबतीले एक पोरगी नाई देल्ली." नूरुद्दीन, दोन वर्षं ही वाट शंभर पावलांवर होती. ती मला दिसू नये म्हणून मी नऊ मुद्द्यांचा तक्ता मध्ये लावला होता.

तर उद्या सोमवारपासून साक्षी शाळेत जाणार. पाचवीचे दोन-अडीच महिने उरलेत, तेवढे. सहावीचं पुढे पाहू. सकाळी मी तिच्याबरोबर जाणार आहे. मुलांसमोर उभं राहून सांगणार आहे की मंगली खरं बोलली होती आणि मी खोटं. सोमाजीगुरुजींना तसं कळवलं आहे. ते म्हणाले, "सांगा, मी बी उभा राहतो." केंद्रप्रमुखांना पत्र लिहिलं आहे, त्याखाली सह्या दोघांच्या. त्याचं काय होईल ते होवो. हे सगळं मी काल साक्षीला नीट बसवून सांगितलं, ती चार वाक्यंही सांगितली जी धुऱ्यावर सांगायला हवी होती. आजीनं माझं नाव मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतलं होतं तेही सांगितलं, आणि तिचं तसलंच नाव मी एका कपभर चहावर देऊन टाकलं, हेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं." मी म्हणालो, काही विचारायचं आहे का? मान हलवली, नाही. आणि पाणी आणायला गेली.

आता तुझ्याकडे माझं काम काय ते सांगतो. आपण नववीत असताना मी एकदा तलावावर गेलो होतो आणि माझं 'उपस्थितोऽस्मि' तू म्हणालास आणि त्या दिवशी मास्तरांना नेमकं ऐकू आलं. त्यांनी तुला आठ दिवस वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, याला हजेरी लावायला तूच सांगितलं होतंस का? मी म्हणालो, नाही सर. तू दाराबाहेर उभा होतास, तुला ऐकू गेलं. आपण या गोष्टीवर आजवर एक अक्षर बोललेलो नाही. तू भांडला नाहीस, डब्यातलं देत राहिलास, पेन्सिल देत राहिलास. पण कितीतरी दिवस तू मला काहीही विचारलं नाहीस. गणित झालं का, येतोस का, उद्या सुट्टी आहे का, काहीच नाही. आणि मग केव्हातरी पुन्हा विचारायला लागलास. काय झालं होतं, नूरुद्दीन? मी काही केलं होतं का? काही बोललो होतो का, की नुसते दिवस गेले? मला कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि ते जाणणारा जगात तूच एक आहेस. जमलं तर स्वतः येऊन सांग. फळ्याचा पाय दुरुस्त करायला ये असं लिहिणार होतो, पण आज सकाळी मी तो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. पुस्तकाशिवाय, ताठ उभा राहिला. तक्रार मागे घेतो. तरी ये. साक्षी दिवाळीत तुला खूप प्रश्न विचारत होती, तुला कदाचित अजून विचारेल. तिच्या परीक्षेची, सहावीची, इंग्रजीची मला काही काळजी नाही. ती हुशार आहे, कुठेही शिकेल. मला एवढीच भीती वाटते की ती आता मला पुन्हा काही विचारणार नाही.

तुझाच,
राजदीप